खाटा भरल्या म्हणजे तिजोरी भरली असं नाही

‘रुग्णालय कसं चाललंय ते पाहायला ताळेबंद कशाला? खाटा भरलेल्या, वर्षाअखेर नफा, शिवाय नवी इमारत. आणखी काय हवं?’ असा एक मजकूर फिरतोय. या तिन्ही खुणा फसव्या आहेत.

आधी खाटा. ठरावीक पॅकेजवर गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. रुग्ण चार दिवसांत घरी जायचा, तो सात दिवस राहिला. वॉर्डच्या नोंदीत खाट सातही दिवस भरलेली, पॅकेजची रक्कम मात्र तेवढीच. वरच्या तीन दिवसांचं जेवण, ड्रेसिंग, नर्सिंग रुग्णालयाच्या अंगावर, आणि त्या खाटेची वाट पाहणारा पुढचा रुग्ण दुसरीकडे गेला. बरेचदा कारण वैद्यकीय नसतंच. डिस्चार्ज समरीवर सही राहिलेली असते, नाहीतर विम्याची मंजुरी अडकलेली. म्हणून सरासरी मुक्काम किती दिवसांचा हे सोबत सांगितल्याशिवाय खाटांची टक्केवारी ऐकवू नये. बरं, सगळ्या खाटा भरणं हे सुलक्षणही नव्हे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या १९९९च्या एका अभ्यासानुसार सरासरी ८५ टक्क्यांपुढे गेलं की तातडीच्या रुग्णाला खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो, ९०च्या पुढे टंचाई नेहमीचीच.

आता नफा. बिल झालं की उत्पन्न वहीत चढतं. विमा कंपनीकडून पैसे येतात ते कधी महिन्यांनी, तेही काटछाट होऊन. पगार मात्र थांबत नाहीत. त्यामुळे मी आधी विचारतो: येणी सरासरी किती दिवसांत वसूल होतात? आणि उद्यापासून एक पैसा आला नाही, तर हातातल्या रोकडीवर किती दिवस निघतील? नफा देणग्यांतून किंवा ठेवींच्या व्याजातून आला असेल, तर रुग्णसेवा तोट्यात असूनही आकडा गोंडस दिसतो.

राहिली इमारत. तिचा हप्ता किंवा भाडं भागेल इतकं रुग्णसेवेतून उरतं का, हे फोटोत दिसत नाही. अमेरिकेतल्या स्ट्यूअर्ड हेल्थ केअरने २०१६मध्ये रुग्णालयांच्या मालमत्तेवर सुमारे सव्वाशे कोटी डॉलरचा व्यवहार केला. काही इमारती विकून भाड्याने घेतल्या, काही गहाण ठेवल्या. पुढे भाडं थकलं आणि मे २०२४मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.