आधी खोलीचं तापमान सांगा

महागड्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पीसीत गेमचं चित्र रंगवणाऱ्या भागाची, चाचणी घेणं सोपं. ते सगळंच पळवतं, आपण "वा!" म्हणायचं. स्वस्त कार्डाचीही सोपी. ते काहीच पळवत नाही, आपण "असो" म्हणायचं. जीव खातं ते मधलं कार्ड. तीसेक हजार मोजलेले असतात, म्हणजे घरात खरा आकडा सांगायची सोय नाही आणि मित्रांत मिरवावं इतका तो मोठाही नाही. ते पळतं, पण कुठे पळतं, कुठे धापा टाकतं आणि का, हे शोधण्यात आख्खा रविवार जातो. उदाहरणाला एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६० घेऊ. जून २०२३ मध्ये बाजारात आलेलं, ८ जीबी मेमरी, त्या मेमरीकडे जायला १२८ बिटांची वाट (बस) आणि भूक फक्त ११५ वॅटची. इतकं सालस कार्ड की त्याच्यावर शंका घ्यायलाही लाज वाटावी. तरी घ्यायची.

पहिली गडबड मात्र कार्डाची नसतेच. मॉनिटरची केबल कार्डात न लावता मदरबोर्डात खुपसलेली असते आणि प्रोसेसरमधलं इवलंसं ग्राफिक्स बिचारं एकट्याने गाडा ओढत असतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असतो, पण विंडोजमध्ये तो ६० वरच बसलेला असतो. ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू न केल्यामुळे २१३३ नाहीतर २६६६ वर रांगत असते, त्यातही एकच पट्टी, म्हणजे सिंगल चॅनल. व्ही-सिंक (गेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) चालू राहिलेला असतो आणि मग "काय अजब, प्रत्येक गेममध्ये बरोब्बर ६० मिळतायत" म्हणून लोक थक्क होतात. जुनं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या साधनाने जुना ड्रायव्हर पुसावा आणि मगच नवा टाकावा. हे सगळं झालं की विंडोज अपडेट सुरू होतं. ते कुठेतरी चाचणीची वाटच पाहत बसलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

वीज हा स्वतंत्र अध्याय. असा पीसी गेममध्ये अडीचशे वॅटच्या आगेमागे ओढतो आणि ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. त्यावर मॉनिटर, राऊटर आणि कुणाचा तरी मोबाइल चार्जर लटकलेला असला की वीज गेल्यावर यूपीएस टुंई करतो आणि चाचणीसकट निजतो.

आता गेम. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये बेंचमार्क, म्हणजे मोजणीची ठरलेली फेरी, आयताच मिळतो. बटण दाबा, कॅमेरा स्वतःच फिरून येतो. ज्या गेममध्ये ही सोय नाही तिथे एक सेव्ह-फाइल ठरवायची आणि तिथून ६० सेकंद तोच रस्ता, तेच वळण, तोच जिना. गर्दीचा बाजार असलेला भाग निवडावा. मोकळ्या माळरानावर सगळीच कार्डं शूर असतात. पहिली फेरी फेकून द्यायची, कारण तेव्हा शेडर (प्रकाश-रंगाचं गणित करणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि प्रत्येक नवीन झाडापाशी चित्र अडखळतं. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांतला मधला आकडा घ्यायचा. तिसऱ्या फेरीपर्यंत त्या बाजारातला भाजीवाला आपल्याला ओळखू लागलाय असं वाटतं. गेममधल्या माणसांना मात्र शिस्त नसते. गेल्या खेपेला गल्लीत शिरलेली गाडी या खेपेला आपल्याच अंगावर येते, आणि ती फेरी बाद.

सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येतात, हा आकडा मला फारसा पटत नाही. एका मिनिटात ८० च्या सरासरीने ४,८०० फ्रेम येतात. त्यातल्या सर्वांत मंद एक टक्का, म्हणजे ४८ फ्रेम, आपला मूड ठरवतात. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मध्येच एक फ्रेम ६० मिलिसेकंदांची आली की हात अडखळतो, नेमका नेम धरलेला असताना, आणि सरासरीच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. म्हणून कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन या मोजणीच्या साधनाने फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख काढावा आणि 'वन पर्सेंट लो', म्हणजे त्या मंद टक्क्याचा एफपीएस, पाहावा. एक खोच आहे: काही साधनं त्या मंद टक्क्याची सरासरी देतात, काही फक्त त्याची सीमारेषा सांगतात. दोन वेगळ्या साधनांचे आकडे शेजारी ठेवून भांडणारे लोक निष्कारण भांडत असतात. आणखी एक, जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचा, वापर ९५ टक्क्यांच्या खाली रेंगाळत असेल तर बहुधा अडचण प्रोसेसरची आहे. कार्डाला शिव्या देऊ नयेत.

आता खरं दुखणं, उष्णता. जालावर कुणीतरी लिहितं, "माझं कार्ड ६६ अंशांवर चालतं." हे वाक्य अर्धंच आहे. खोली किती अंशांची होती? एसी लावलेल्या २२ अंशांच्या खोलीत ६६ म्हणजे खोलीपेक्षा ४४ वर. तेच कार्ड मे महिन्यात जळगावात ४० अंशांच्या खोलीत ठेवा, साध्या बेरजेने ते ८४ ला पोचतं. पंखे जीव तोडून त्यातले दोन-चार अंश वाचवतील, पण मग गेमचं पार्श्वसंगीत ऐकू येणार नाही. ८३ च्या आसपास कार्डाची स्वतःची मर्यादा आडवी येते आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली ओढला जातो. त्याच्या कितीतरी आधीपासून तो १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्या गुपचूप उतरत असतो. म्हणून लिहायचा तो खोलीशी असलेला फरक. नुसतं तापमान लिहिणाऱ्याला मी आधी त्याच्या गावाचं नाव विचारतो.

खोलीचं तापमान मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर हातभर अंतरावर ठेवायचा, हवा आत शिरते तिथे. मागे ठेवलात तर कार्डाचाच उच्छ्वास मोजाल. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे टिपायचे, कारण दार लावलेल्या लहान खोलीत अडीचशे वॅटचा हा हीटर तासाभरात हवा चांगलीच तापवतो. आणि इथेच घरातली माणसं प्रयोगात उतरतात. आई येते, "केवढं कोंडलंय!" म्हणत खिडकी उघडते, छताचा पंखा पाचवर करते आणि जाते. आलेखात तीन अंशांचा खड्डा पडतो. त्या खड्ड्याला कुठलंही सॉफ्टवेअर नाव देऊ शकत नाही.

चाचणी किमान वीस-तीस मिनिटं चालवावी. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता शोषणारा धातूचा भाग, दहा मिनिटांत भरतो, पण कॅबिनेटमधली हवा सावकाश तापते. सलग पाच मिनिटं आकडा एका अंशापेक्षा जास्त हलला नाही की समजायचं, कार्ड स्थिरावलं. थ्रीडीमार्क या चाचणी-सॉफ्टवेअरमधल्या टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट २० आवर्तनं घेते आणि सर्वांत चांगल्या आवर्तनाच्या तुलनेत सर्वांत वाईट आवर्तन किमान ९७ टक्के असेल तर पास करते. शाळेत असे निकष असते तर आमची अख्खी पिढी नापास होती.

कार्डाला नुसता ताण देणारं फरमार्क मात्र वेगळं प्रकरण. पडद्यावर एक केसाळ मेदूवडा गरागरा फिरतो आणि कार्डाला फेस येतो. हौशी लोक तो वडा तासभर फिरवून एफपीएस मोजतात. त्याला अर्थ नाही. वडा इतकी वीज मागतो की कार्ड लगेच ११५ वॅटच्या भिंतीला धडकतं आणि क्लॉक गेममधल्यापेक्षाही खाली येतो. कूलर आणि पॉवर सप्लाय तगतात का, एवढंच त्यात कळतं. दहा मिनिटं पुरे.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की जीपीयूच्या तापमानाखाली 'हॉटस्पॉट', म्हणजे चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा, दिसतो. दोघांत दहा-पंधरा अंशांचा फरक असणं नेहमीचं. पंचवीसच्या पुढे गेला तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट नीट पसरलेली नाही किंवा हीटसिंक तिरका बसलाय. (आरटीएक्स ५० मालिकेत एनव्हीडियाने हा आकडा दाखवणंच बंद केलं. ताप दिसलाच नाही तर ताप नाही, हा उपाय सरकारी कचेरीतही चालतो.) कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रू फिरवू नका, आकड्यांचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा. स्क्रूवरचं ते चिमुकलं स्टिकर फाटलं की काउंटरवरचा माणूस एकदम परका होतो.

त्याआधी एक फुकटची चाचणी: कॅबिनेटची बाजूची पाटी काढा आणि तीच फेरी पुन्हा घ्या. तापमान आठ-दहा अंशांनी पडलं तर कार्ड निर्दोष आहे. गुन्हेगार आहे ती पुढची अखंड काच, जिच्यामागे तीन रंगीत पंखे हवेविना नाचत असतात. किंवा धुळीची जाळी. आपल्याकडे रस्त्याचं काम कधी संपत नसल्याने ती महिन्याभरात बुजते. धुवा, पूर्ण वाळवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत. ही कार्डं थंड असताना पंखे बंद ठेवतात आणि पन्नासेक अंशांना चालू करतात. वैशाखात नुसता डेस्कटॉप उघडा असला तरी कार्ड ४९-५१ मध्ये झुलत राहतं आणि पंखा दर मिनिटाला उचकी देतो. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये फॅन कर्व्ह (किती तापमानाला पंखा किती फिरेल, ती रेषा) स्वतः आखून हिस्टेरेसिस, म्हणजे पंखा मंदावण्याआधी तापमान किती उतरू द्यायचं ते अंतर, चार-पाच अंशांचा ठेवला की उचकी थांबते. तिथेच पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर, म्हणजे साधारण ९८ वॅटवर आणून पाहा. सहसा एफपीएस चिमूटभरच घटतात आणि पंख्यांचा आवाज मात्र लक्षात येण्याइतका उतरतो. मे महिन्यापुरता हा सौदा मी डोळे मिटून करीन.

८ जीबी मेमरीचं रडगाणं मिनिटभराच्या बेंचमार्कमध्ये ऐकूच येत नाही. रिझोल्यूशन १४४० पी, टेक्स्चर (पृष्ठभागांचे पोत) अल्ट्रावर, आणि अर्धा तास खरोखर खेळायचं. मग मेमरी भरते, भिंतींचे पोत पिठूळ होतात आणि आलेखात सुळे उगवतात. या कार्डाला पीसीआय-ईच्या, म्हणजे मदरबोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत. मदरबोर्डवरचं पीसीआय-ई तिसऱ्या पिढीचं असलं तर रस्ता सेकंदाला १६ ऐवजी सुमारे ८ जीबीचा उरतो आणि हे सुळे आणखी टोकदार होतात. अर्ध्या तासाच्या या खेळाला घरात "टेस्ट चालू आहे" म्हणता येतं, म्हणून ही चाचणी सर्वांत लोकप्रिय.

जुनं कार्ड घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर गेलात तर एवढा वेळ कुणी देत नाही. पंधरा मिनिटं मागा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेमरी आणि लेन तपासा, दहा मिनिटं मेदूवडा फिरवा, पंख्यांची घरघर ऐका, हॉटस्पॉट पाहा. कार्ड उघड्या टेबलावर मांडलेलं असतं, आकडा ५८ दिसतो, आपण खूश होतो. मग लक्ष जातं: शेजारचा पेडेस्टल फॅन थेट टेबलावर रोखलेला आहे. तो जरा बंद करायला सांगा. दुकानदार आपल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो आणि म्हणतो, "साहेब, तो कार्डासाठी नाही, माझ्यासाठी आहे."