मोठा फ्यूज घातल्याने रिकॉल मिटत नाही

अमेरिकेत कॅम्पर किंवा मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेणाऱ्यांत एक सल्ला पुन्हापुन्हा फिरतो. वायरिंगचा रिकॉल (दोष निघालेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) म्हणजे कागदी सोपस्कार, गाडी चालतेय ना? फ्यूज उडतोय? मोठा घाला. पत्र आलं नाही म्हणजे तुमची गाडी त्यात नाही. सेकंडहँड असेल तर फुकट दुरुस्ती विसरा.

फ्यूजचं आधी घेऊ, कारण आग तिथेच लागते. फ्यूज पंपाला किंवा दिव्याला नव्हे, वायरला वाचवतो. साधारण हिशेब असा: १४ गेजच्या वायरला १५ अँपिअर, १२ गेजला २० (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितकी वायर बारीक). आता १४ गेजवर ३० चा फ्यूज बसवला आणि पुढे कुठे वायर पत्र्याला घासून २५ अँपिअर वाहू लागले, तर फ्यूज ढिम्म राहतो आणि भिंतीआडची वायर तापत जाते. वायरिंगच्या रिकॉलमधला एक नेहमीचा दोष नेमका हाच असतो: कारखान्यातच वायरच्या मानाने मोठा फ्यूज. म्हणजे हा ‘उपाय’ करणारा मालक तोच दोष घरी तयार करतो.

‘गाडी चालतेय ना’ हेही फसवं. ट्रान्सफर स्विच, म्हणजे कॅम्पग्राउंडची वीज घ्यायची की जनरेटरची हे ठरवणारा डबा, त्यात स्क्रू नीट आवळलेला नसेल तर प्रवासाच्या हादऱ्यांनी आणखी सैल होतो. त्या जोडात ०.१ ओहम रोध आला आणि ३० अँपिअर वाहिले, तर तिथे ९० वॉट उष्णता निघते. व्होल्टेज १२० पैकी फक्त ३ ने उतरतं. एसी चालतो, प्रवाह वाढलेला नसल्याने ब्रेकर पडत नाही. कळतं ते वासावरून, किंवा झाकण उघडल्यावर तपकिरी पडलेलं प्लॅस्टिक दिसतं तेव्हा.

उघडायचंच असेल तर आधी प्लग काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, मीटरने वीज नसल्याची खात्री करा. काही करपलेलं दिसलं तर फोटो काढा आणि हात न लावता डीलरकडे न्या. रिकॉलआधी पदरचे पैसे घालून हाच दोष दुरुस्त केला असेल तर पावती जपा; ठरलेल्या मुदतीतला खर्च कंपनीकडे मागता येतो.

पत्र नोंदलेल्या पत्त्यावर जातं, तो आधीच्या मालकाचाही असू शकतो. एनएचटीएसए या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाका, पण तेवढ्यावर थांबू नका: छोट्या उत्पादकांचे रिकॉल त्या शोधात दिसतीलच असं नाही. कंपनी, मॉडेल, वर्ष घालूनही बघा. मोटरहोमची चासी (खालचा सांगाडा) एकाची, वरचं घर दुसऱ्याचं, फ्रिज तिसऱ्याचा. तिघांचे रिकॉल वेगळे निघू शकतात.

सेकंडहँडचं उत्तर एका ओळीचं आहे. पहिल्या खरेदीपासून १५ वर्षांच्या आत रिकॉल निघाला असेल तर दुरुस्ती फुकट, मधे मालक कितीही बदलोत.

भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन भाड्याच्या मोटरहोमने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देण्यावरची केंद्रीय बंदी १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे, तीही ३५ किंवा जास्त गाड्या असलेल्या ताफ्यात. मोठी मोटरहोम बहुधा त्याहून जड असते. पैसे भरण्याआधीच व्हीआयएन मागून घ्या.