खर्रा बाहेर, कुलूप आत

नागपुरात फुटबॉलची मॅच बघायला जायचं तर खिसे हलके ठेवून जावं. तिकिटासाठी नव्हे, जिल्हा पातळीवरच्या मॅचला तिकीट बरेचदा नसतंच. खिसे हलके होतात गेटवर, सुरक्षेच्या नावाखाली. पाण्याची बाटली बाहेर. लायटर बाहेर. छत्री बाहेर, कारण तिला टोक असतं. हेल्मेट बाहेर, कारण ते भिरकावता येतं. आणि खर्रा, म्हणजे आमची घोटलेली सुपारी-तंबाखू, तर बाहेरच.

"काका, खिशात काय फुगून राहिलं जी?"

"रुमाल."

"रुमालाले चुन्याचा वास काऊन येऊन राहिला?"

छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावलेला हा पोरगा पन्नीवर दोन बोटं ठेवून आत सुपारी किती नि तंबाखू किती ते सांगू शकतो. विमानतळावरच्या यंत्राला हे जमणार नाही. खर्ऱ्यावर कायद्याने बंदी आहे, तेव्हा तक्रार करायला आपल्याला तोंड नाही. असलं तरी त्यात खर्रा असतो.

नियमांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाटलीचाच नियम घ्या. भरलेली, झाकण घट्ट लावलेली अर्ध्या लिटरची बाटली गॅलरीतून फेकली की अर्ध्या किलोचा दगडच होतो. म्हणून शहाण्या मैदानांवर फक्त झाकण काढून घेतात. उघडी बाटली फेकली तर पाणी आधी फेकणाऱ्याच्याच अंगावर सांडतं. आमच्याकडे नियम पोचला, पण कारण रस्त्यात गळून पडलं. त्यामुळे झाकणासकट बाटलीच जाते आणि आत पंधराशे माणसांसाठी वीस लिटरचा एक जार असतो. भागाकार करा: माणशी तेरा मिलिलिटर. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना, याला पाणी म्हणत नाहीत, तीर्थ म्हणतात.

बरं, खिसे तपासून माणूस आत गेला की नियम संपतात आणि मैदान सुरू होतं.

लहान मैदानाला साधारण दोन गेटं असतात. एक मोठं, त्याचे पल्ले साखळीने बांधून कुलूप लावलेलं, आणि त्यातच कापलेला अडीच फुटांचा दिंडी दरवाजा उघडा. दुसरं गेट मागच्या बाजूला. त्यावर लाल अक्षरात 'आपत्कालीन मार्ग' लिहिलेलं असतं, पण ते वाचायला मधल्या चाळीस स्प्लेंडर नि ॲक्टिवा उचलाव्या लागतात. त्यांच्या आरशांना आपण बाहेर ठेवायला लावलेली हेल्मेटं लटकत असतात.

आता हिशेब. इंग्लंडात मैदानांच्या सुरक्षेचं 'ग्रीन गाइड' नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे, पहिल्यांदा १९७३ साली निघालेलं. त्याचा आकडा असा की सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला ८२ माणसं जातात, पायऱ्यांवरून ६६, आणि सगळं मैदान जास्तीत जास्त आठ मिनिटांत बाहेर पडण्याच्या वाटेला लागलं पाहिजे. चार फुटांचं म्हणजे १.२ मीटरचं गेट धरलं तर आठ मिनिटांत ७८७ माणसं. पंधराशे माणसांना अशी दोन गेटं लागतात, आणि दोन्ही उघडी लागतात. आमच्या दिंडी दरवाजातून, तो पाऊण मीटरचा धरला, तर मिनिटाला जेमतेम ६१. म्हणजे साडेचोवीस मिनिटं. हेही माणसं नाकासमोर चालली तर. दिंडीला खाली वीतभर उंच लोखंडी पट्टी असते आणि वर डोक्याला लागणारा पट्टा. प्रत्येक जण एक पाय उचलून, मान वाकवून, देवळात शिरल्यासारखा बाहेर पडतो. तेवढ्यात कोणाची तरी चप्पल आत राहते आणि तो ती घ्यायला उलटा वळतो. इथे पुस्तकातली गणितं संपतात.

ही गणितं कोणी खुर्चीत बसून काढलेली नाहीत. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर मॅच संपल्यावर बाहेर पडताना एकाच जिन्यावर ६६ माणसं दगावली. त्यावरून १९७५ चा कायदा आला, पण तो दहा हजारांवरच्या मैदानांसाठी, आणि तोही ज्यांना सरकार लागू करील त्यांनाच. लहान क्लबांना सूट. अशा सूट मिळालेल्यांतलं एक मैदान इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचं, क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधला. ११ मे १९८५ ला क्लबला विजेतेपदाची ट्रॉफी मिळाली आणि त्याच दुपारी लाकडी स्टँड पेटलं. चार-पाच मिनिटांत सगळं भडकलं आणि ५६ माणसं गेली. फळ्यांच्या फटीतून खाली पडलेला कचरा वर्षानुवर्षं तिथेच साचला होता. नंतर त्यात १९६८ चं वर्तमानपत्र सापडलं आणि जुन्या नाण्यांतली किंमत छापलेलं शेंगदाण्याचं पाकीटही. मागची दारं बंद होती. आग विझवायची नळकांडी टवाळ पोरं खराब करतील म्हणून स्टँडमध्ये ठेवलेलीच नव्हती.

शेंगदाण्याचं पाकीट वाचून मला आमची गॅलरी आठवते.

आमची गॅलरी मंडपवाला बांधतो. तोच लग्नाचा मंडप घालतो, तोच गणपतीचा, तोच नेत्याच्या सभेचा. त्याच्या हाताला कला आहे, पण लग्नात पाहुणे खुर्चीवर बसून जेवतात, गोल झाला म्हणून उड्या मारत नाहीत. बारा मीटर लांब, चार मीटर खोल अशी एक मध्यम गॅलरी धरा: ४८ चौरस मीटर. ग्रीन गाइडच्या हिशेबाने, सगळं उत्तम असेल तर, दहा चौरस मीटरमध्ये उभी माणसं फार तर ४७. म्हणजे इथे सव्वादोनशे. प्रत्यक्षात फायनलला चारशे चढतात, कारण "सरक ना बे थोडा" या वाक्याला नागपुरात कोणी नाही म्हणत नाही. माणशी ६५ किलो धरले तर २६ टन. आपल्या आयएस ८७५ या बांधकामाच्या कोडमध्ये खुर्च्या पक्क्या नसलेल्या गर्दीच्या जागेसाठी चौरस मीटरला साधारण ५०० किलोचा भार धरायला सांगितलाय, म्हणजे या गॅलरीला सुमारे २४ टन. मंडपवाल्याने कोड तंतोतंत पाळला असला, तरी आपण दोन टन पुढे आहोत. आणि हे सगळे शांत बसले तर.

ते शांत बसत नाहीत. गर्दी तालात उड्या मारते तेव्हा सेकंदाला साधारण दोन उड्या पडतात, आणि गॅलरी खाली दबण्याऐवजी आडवी डुलायला लागते. उभ्या बल्ल्या आडव्या डुलण्याला काही करू शकत नाहीत. त्यासाठी तिरपे पाईप लागतात, कैचीसारखे, मागच्या बाजूनेही आणि कडेनेही. नेमके तेच कमी असतात, कारण ते पोरांना खालून ये-जा करायला आडवे येतात आणि दोन पाईप लाइटच्या टॉवरला कमी पडलेले असतात. क्लॅम्पचे नट पान्याने आवळायचे असतात. संध्याकाळ होत आली की ते हाताने आवळले जातात. फळ्या दोन्ही टोकांना बांधायच्या असतात. मधल्या नुसत्या ठेवलेल्या असतात, एका टोकाला बसलं की दुसरं टोक शेजाऱ्याची चौकशी करतं.

त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते नि लोण्यासारखी होते. मेमध्ये ठणठणीत उभी असलेली बल्ली ऑक्टोबरच्या सरीनंतर चार बोटं खाली जाते. सगळ्या बल्ल्या सारख्याच खचल्या तर बिघडत नाही, पण त्या तसं ठरवून खचत नाहीत. उपाय एवढाच: प्रत्येक पाईपखाली लोखंडी तळपत्रा, त्याखाली दोन-तीन पाईपांना मिळून एक जाड आडवी फळी, आणि पाऊस झाला की पुन्हा एकदा पान्याने फेरी. खर्च फार नाही. शाल-श्रीफळात बसतो.

हे मी भीती घालायला सांगत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलच्या, मॅचला तात्पुरती गॅलरी कोसळली आणि खूप माणसं जखमी झाली. आणि १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, न्यूझीलंडच्या क्रिकेट मॅचला स्टँडची भिंत पडून माणसं मेली, ते नागपूरकराला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. तेव्हापासून आमच्या घराघरांत मॅचला निघताना एक वाक्य ठरलेलं आहे: "भिंतीजवळ बसू नको."

गॅलरीखाली एक स्वतंत्र गाव असतं. सावली असते म्हणून पोरं असतात, पोरं असतात म्हणून फल्लीदाणेवाला असतो, तर्री-पोहेवाला शेगडी नि सिलिंडर घेऊन येतो, आणि वरून फटींतून कागदी प्लेटा, टरफलं आणि क्वचित जळकी विडी यांचा मंद पाऊस पडत असतो. लायटर गेटवर काढून घेतलेला असतो, म्हणून विडी पेटवायला माणूस शेगडीपाशीच जातो.

आग विझवायची सोय असते. नऊ लिटरच्या लाल बादल्या, 'आग' असं लिहिलेल्या, वाळूने भरलेल्या. वाळूत बघू नये. शिवाय पावडरचं सहा किलोचं नळकांडं असतं, पण ते सचिवांच्या खोलीत, चोरीला जाऊ नये म्हणून कुलपात. (ब्रॅडफर्डला कोणी नागपूरकर सचिव नव्हता, पण विचार जुळले.) ते कधी हाती लागलंच तर आधी काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघावं. मग सील तोडून पिन ओढावी, वाऱ्याकडे पाठ करावी, आगीपासून दोनेक मीटरवर उभं राहून नळीचं तोंड ज्वाळेकडे नव्हे, ज्वाळेच्या मुळाशी धरावं, दाबावं आणि झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे फिरवावं. ते पंधरा-वीस सेकंदांत संपतं. म्हणून पिन कुठे आहे ते शोधण्याची वेळ आधीची.

आणि हे कोणत्या गावात? देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात. फटाक्यांच्या कारखान्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्या ज्वालाग्राही मामल्यावर नजर ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात. आणि गोल झाल्याबरोबर पोस्टमागे हजाराची लड लावणारा भाऊही नागपुरातच. गेटवर त्याचा लायटर काढून घेतला होता. लड कशी आत आली, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ती आयोजकांच्या गाडीतून आली. 'ज्वलनशील पदार्थ आणू नयेत' ही सूचना आपत्कालीन गेटवर बारा फुटांच्या फ्लेक्सवर लावलेली असते. फ्लेक्स छान जळतो.

आता ज्या एका गोष्टीवरून आम्हाला सगळे हसतात, तिची बाजू घेतो. ती म्हणजे दोरी. कामठी असो, मोमिनपुरा असो, मैदानाच्या चारी बाजूंना चुन्याची रेघ आणि तिच्याबाहेर नायलॉनची दोरी, एवढीच आमची तटबंदी. इंग्लंडातल्या लहान क्लबांना टचलाइनपासून १.८३ मीटरवर, म्हणजे सहा फुटांवर, पक्का कठडा लागतो. आमची दोरी सुरुवातीला सहा फुटांवर असते, हाफटाइमला तीनवर, आणि सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर घेणाऱ्याला मागे यायचं तर आधी दोन काकांना उठवावं लागतं. लाइन्समन झेंड्याच्या दांडीने पोटं मागे ढकलत धावतो. दोरी मानेच्या उंचीवर बांधू नये, कमरेला बांधावी, दर दोन हातांवर रंगीत चिंधी लावावी. नाहीतर चेंडूमागे धावलेलं पोर तिला गळ्याने अडवतं.

पण आता टूम निघालीय ती दोरी काढून आठ फुटांची लोखंडी जाळी लावायची, 'सुरक्षेसाठी'. इथे मात्र मी आडवा पडेन. ब्रॅडफर्डला पुढे जाळी नव्हती, म्हणून हजारो माणसं मैदानात उतरून वाचली. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर जाळी होती, आणि तिला चेंगरून गेलेल्यांची संख्या आज ९७ धरतात. तिकडे त्यानंतर जाळ्या काढल्या. आम्ही त्या आता लावतो आहोत, तेही दार न ठेवता. दार ठेवलं तर त्याला कुलूप लागेल, आणि कुलूप म्हटलं की चावी आली.

चावीचा विषय मॅच संपल्यावरच निघतो. शेवटची शिटी वाजते, पंधराशे माणसं दिंडी दरवाजाकडे वळतात, पुढचे थांबतात, मागच्यांना ते कळत नाही. "मोठं गेट उघडा ना भाऊ!" अशी ओरड होते. माइकवाला बक्षीस समारंभ अर्धवट टाकून घोषणा करतो की ज्या भाऊकडे गेटची चावी आहे त्याने ताबडतोब गेटवर यावं. तो दोनदा सांगतो, तीनदा सांगतो, मग नाव घेऊन सांगतो. भाऊ ऐकतही असतो. तो रस्त्यापलीकडे पानठेल्यावर उभा असतो, पन्नी घोटत. आत खर्रा चालत नाही ना.