तो लाल-जांभळा नकाशा फुकुशिमाच्या किरणोत्सर्गाचा नाही

जपानच्या किनाऱ्यावरून निघालेला काळा-जांभळा पट्टा, पुढे लाल, मग केशरी-पिवळ्या जिभा, आणि त्या जिभा थेट अमेरिकेपर्यंत गेलेल्या. पॅसिफिक महासागराचा हा नकाशा २०११ पासून फिरतो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातलं (२०११ च्या त्सुनामीत तिथे अपघात होऊन किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडले होते) प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली तेव्हा तो पुन्हा नव्या जोमाने फिरला. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: 'हा फुकुशिमाचा किरणोत्सर्ग आहे. काही दिवसांत तो अमेरिकेला पोहोचला. तिथल्या पाण्यात सिझियम सापडलं आहे. अख्खा पॅसिफिक विषारी झाला, तारामासे विरघळून मरत आहेत. शास्त्रज्ञांकडे कॉम्प्युटरचे अंदाज सोडून काही नाही.'

यात एक विधान पूर्ण खरं आहे, आणि त्या एका खऱ्या विधानाच्या आधारावर बाकीची खपून जातात. म्हणून एकेक घेऊ.

'हा नकाशा किरणोत्सर्गाचा आहे.'

नाही. तो 'नोआ' या अमेरिकेच्या सागर आणि वातावरण संस्थेच्या त्सुनामी केंद्राने काढलेला आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर उठलेल्या त्सुनामीची खुल्या समुद्रात कुठे किती कमाल उंची झाली, एवढंच तो दाखवतो. मूळ नकाशाच्या रंगपट्टीवर एकक आहे सेंटिमीटर. किरणोत्सारी पदार्थाचं पाण्यातलं प्रमाण बेकरेल प्रति घनमीटर असं मोजतात. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. रंगपट्टी कापली की सेंटिमीटर जातात आणि त्या रंगांना कोणताही अर्थ चिकटवता येतो.

नकाशाचा आकारही हेच सांगतो. त्या लांब, सरळ जिभा लाटेच्या ऊर्जेच्या आहेत. समुद्रतळावरचे डोंगर आणि कडे लाटेची दिशा वळवतात आणि भिंगाने ऊन एकवटावं तशी तिची ऊर्जा काही रेषांवर गोळा करतात. पाण्यात मिसळलेला पदार्थ असा कधीच जात नाही. तो प्रवाहाबरोबर वाहतो आणि वाटेत शंभर-दोनशे किलोमीटर व्यासाच्या भोवऱ्यांत सापडून ताणला, दुमडला, फाटला जातो. खऱ्या सागरी प्लूमचं, म्हणजे पाण्यात पसरत जाणाऱ्या पदार्थाच्या लोटाचं, चित्र दुधात ढवळलेल्या कॉफीसारखं दिसतं.

'काही दिवसांत अमेरिकेला पोहोचला.'

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत: लाट, हवा आणि पाणी.

लाट पोहोचली ती काही तासांत. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामीचा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो. पण लाटेबरोबर पाणी प्रवास करत नाही, ते जवळपास जागच्या जागी हलतं.

हवेतला लोट खरोखरच काही दिवसांत पोहोचला. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या कॅलिफोर्नियाच्या केंद्राने तो मार्चच्या मध्यालाच टिपला. ही केंद्रं ताशी किमान ५०० घनमीटर हवा एका गाळणीतून २४ तास ओढतात. रेडॉनपासून तयार झालेली अल्पायुषी द्रव्यं फुटून संपावीत म्हणून ती गाळणी साधारण एक दिवस ठेवून देतात आणि मग गॅमा किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर जवळजवळ दिवसभर मोजतात. बारा हजार घनमीटर हवेतली धूळ एका चकतीवर आली की घनमीटरमागे बेकरेलचा लाखावा हिस्सासुद्धा दिसतो. इतक्या बारीक प्रमाणाची नोंद झाली म्हणून ते प्रमाण मोठं ठरत नाही.

पाण्याला मात्र वर्षं लागली. कॅनडाच्या संशोधकांना जून २०१२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर फुकुशिमाच्या सिझियमची, म्हणजे तिथून निसटलेल्या किरणोत्सारी धातूची, चाहूल लागली. ते किनाऱ्याच्या पाण्यात पहिल्यांदा सापडलं १९ फेब्रुवारी २०१५ ला, व्हँकुव्हर बेटावरच्या युक्लुलेट गावात. सात-आठ हजार किलोमीटर अंतर आणि जवळपास चार वर्षं, म्हणजे दिवसाला पाच-सहा किलोमीटर.

'अमेरिका-कॅनडाच्या पाण्यात सिझियम सापडलं.'

हे ते खरं विधान. ते नेमकं किती सापडलं आणि फुकुशिमाचंच कशावरून, हे या विषयातलं सगळ्यात सुंदर काम आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पॅसिफिकमध्ये २०११ च्या आधीपासून सिझियम-१३७ होतं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतलं ते उरलेलं, घनमीटरमागे एक ते दोन बेकरेल. त्याचं अर्धायुष्य (अर्धे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षं, त्यामुळे ते टिकून आहे. मग आज सापडलेलं जुनं की नवं, हे कसं ओळखायचं? त्यासाठी सिझियम-१३४ हा त्याचा दुसरा किरणोत्सारी प्रकार कामी येतो. त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांहून किंचित जास्त, म्हणून चाचण्यांच्या काळातलं काही असलं तरी ते केव्हाच संपलेलं. फुकुशिमातून ही दोन्ही द्रव्यं जवळजवळ सारख्या प्रमाणात बाहेर पडली. नमुन्यात १३४ दिसलं की फुकुशिमाची सही मिळाली.

युक्लुलेटच्या नमुन्यात १३४ होतं १.४ आणि १३७ होतं ५.८ बेकरेल प्रति घनमीटर. अपघातानंतर ३.९५ वर्षांत सिझियम-१३४ चा साधारण २६.५ टक्के भागच उरतो. म्हणजे फुटून गेलेलं परत मिळवलं तर १.४ भागिले ०.२६५, सुमारे ५.३. सुरुवातीला १३७ ही तेवढंच होतं. तेवढ्याच काळात ते ९१ टक्के उरतं, म्हणजे ४.८. मोजलेल्या ५.८ मधून फुकुशिमाचे ४.८ वजा केले की उरतो १, अणुचाचण्यांचा जुना शिल्लक भाग. दोन स्वतंत्र मोजमापांचा हिशेब असा जुळला की मोजणीवर विश्वास बसतो.

ही मोजणी सोपी नसते. किनाऱ्यावर स्वयंसेवक २० लिटर पाणी भरून पाठवतात. प्रयोगशाळेत ते सिझियम धरून ठेवणाऱ्या राळेच्या नळीतून सावकाश सोडलं जातं. राळ वाळवून शिशाच्या जाड आवरणातल्या, अतिशीत ठेवलेल्या जर्मेनियम डिटेक्टरवर ठेवतात. प्रत्येक द्रव्याच्या गॅमा किरणाची ऊर्जा ठरलेली असते: सिझियम-१३७ ची खूण ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर, १३४ ची ६०५ आणि ७९६ वर. आता आकडा बघा: १.४ बेकरेल प्रति घनमीटर म्हणजे २० लिटरमध्ये ०.०२८ बेकरेल, तासाला साधारण शंभर अणू फुटतात. त्यातल्या शंभरांतल्या पाच-दहाच किरणांची पूर्ण नोंद होते. तासाला मूठभर नोंदी, त्याही पार्श्वभूमीच्या गोंगाटातून वेगळ्या काढायच्या. म्हणून एकेक नमुना एक ते तीन दिवस मोजावा लागतो. इथे चुकाही ठरलेल्या असतात. राळेने सिझियम पूर्ण पकडलं नाही तर आकडा कमी येतो. म्हणून आधी माहीत असलेल्या प्रमाणात किरणोत्सार न करणारं साधं सिझियम पाण्यात घालतात आणि राळेतून जाण्याआधी आणि नंतर ते किती आहे हे बघून पकड ठरवतात. नमुना घेतल्याची तारीख चुकली तर १३४ चा हिशेब बिघडतो. आणि नमुन्यात १३४ दिसलं नाही याचा अर्थ 'शून्य आहे' असा नसतो, 'मोजण्याच्या मर्यादेखाली आहे' एवढाच असतो.

५.८ हा आकडा कशाशी ताडून बघायचा? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात सिझियम-१३७ ची मर्यादा आहे ७,४०० बेकरेल प्रति घनमीटर. आणि कुठल्याही समुद्राच्या पाण्यात, मालवणच्या किनाऱ्यावरच्याही, नैसर्गिक पोटॅशियम-४० असतं सुमारे १२,००० बेकरेल प्रति घनमीटर. बेकरेलमागे पोटात गेलेल्या सिझियम-१३७ चा डोस पोटॅशियम-४० च्या साधारण दुप्पट असतो, तेव्हा ही तुलना थेट बरोबरीची नाही. पण ५.८ आणि १२,००० यांतलं अंतर दुपटीने भरून निघत नाही. वुड्स होल या अमेरिकेतल्या सागरसंशोधन संस्थेने हिशेब दिला होता: युक्लुलेटच्या दुप्पट सिझियम असलेल्या पाण्यात वर्षभर रोज सहा तास पोहलं, तरी मिळणारा डोस दाताच्या एका एक्स-रेच्या हजारांश भागाहूनही कमी.

'अख्खा पॅसिफिक विषारी झाला.'

हे पडताळायला महासंगणक लागत नाही. थेट सांडलेलं आणि हवेतून समुद्रावर पडलेलं मिळून उत्तर पॅसिफिकमध्ये गेलेलं सिझियम-१३७ साधारण १५ ते २० पेटाबेकरेल. पंधरा धरा: १५ वर पंधरा शून्यं. ते हजार किलोमीटर लांब, हजार किलोमीटर रुंद आणि वरच्या १०० मीटर पाण्यात सारखं पसरलं तर घनमीटरमागे १५० बेकरेल होतं. चार हजार किलोमीटर लांब-रुंद आणि २०० मीटर खोल पसरलं तर ४.७. कागदावरचा हा भागाकार युक्लुलेटच्या ४.८ जवळ आला तो काही अंशी योगायोगाने, कारण खरा प्लूम चौकोनी नसतो आणि सिझियमचा काही भाग जपानच्या आग्नेयेला बुडणाऱ्या पाण्याबरोबर तीनशे-चारशे मीटर खाली गेला. पण उत्तर एक-आकडी येणार की हजारांत, हे या भागाकाराने नक्की होतं.

२०२३ पासून सोडलेलं पाणी हा वेगळा विषय आहे. तिथे मुख्य द्रव्य ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, वर्षाला कमाल २२ टेराबेकरेल (एक टेराबेकरेल म्हणजे पेटाबेकरेलचा हजारावा भाग), आणि सोडण्याआधी लिटरमागे १,५०० बेकरेलच्या खाली पातळ केलेलं. ट्रिटियम गॅमा किरण देतच नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या डिटेक्टरला ते दिसत नाही. त्यासाठी पाणी ऊर्ध्वपातित करून चमकणाऱ्या द्रावणात मिसळून मोजतात. २०११ च्या लाटेचा नकाशा २०२३ च्या ट्रिटियमला लावणं म्हणजे वस्तू, वर्ष आणि एकक तिन्ही चुकवणं.

'तारामासे विरघळले.'

विरघळले, हे खरं. ही साथ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ मध्ये दिसू लागली, म्हणजे फुकुशिमाचं पाणी किनाऱ्याला लागायच्या आधी. २०२५ मध्ये सूर्यफूल-तारामाशांतल्या या रोगाचं कारण म्हणून एक व्हिब्रिओ जिवाणू सिद्ध झाला.

'मॉडेल म्हणजे अंदाज.'

मॉडेलवर शंका जरूर घ्यावी, फक्त योग्य जागी घ्यावी. सागरी मॉडेल समुद्राचे खोके पाडतं आणि प्रत्येक खोक्यात प्रवाह, मिश्रण आणि ऱ्हास यांचा हिशेब मांडतं. खोके शंभर किलोमीटरचे असले तर भोवरे त्यात मावतच नाहीत आणि प्लूम खोट्या गुळगुळीतपणे पसरतो. म्हणून जर्मनीतल्या कील इथल्या गटाने २०१२ मध्ये एक दशांश अंशाची, म्हणजे साधारण दहा किलोमीटरची जाळी वापरली. त्यांच्या चलचित्रात रंग मूळ प्रमाणाच्या तुलनेत आणि लॉगरिदमिक पट्टीवर आहेत: एका रंगातून दुसऱ्यात जाताना प्रमाण कैक पटींनी घटतं. पट्टी न वाचणाऱ्याला मात्र शेवटी अख्खा महासागर रंगलेला दिसतो. न्यूझीलंडच्या एका कंपनीने काढलेलं कणांच्या मार्गांचं चित्रही असंच फिरलं. पाणी कुठे जाऊ शकतं हे त्यात होतं, किती सिझियम हे नव्हतं, आणि कंपनीने स्वतःच तसा खुलासा केला होता.

मॉडेलची खरी कमजोरी असते सुरुवातीचा आकडा: किती बाहेर पडलं, कधी, किती उंचीवर. अपघातात तो मोजायची सोय नसते. म्हणून उलटा हिशेब करतात. केंद्रांवर मोजलेली प्रमाणं घेऊन, वाऱ्याच्या नोंदींवरून दर काही तासांचा उत्सर्ग किती असला तर ही मोजमापं जुळतील, ते शोधतात. हवेत गेलेल्या सिझियम-१३७ चे अंदाज यातूनच वेगवेगळे आले, दहा पेटाबेकरेलच्या आसपासपासून त्याच्या तिप्पट-चौपटपर्यंत. ही तफावत मोठी आहे आणि ती लपवू नये. पण ती तिप्पट-चौपटीची आहे, हजारपटीची नाही.

आणि उलट बाजूचा दावा: 'समुद्रात सगळं विरून जातं, काही झालंच नाही.'

हाही तितकाच चूक आहे. एप्रिल २०११ च्या सुरुवातीला प्रकल्पाच्या तोंडाशी सिझियम-१३७ चं प्रमाण सुमारे ६ कोटी ८० लाख बेकरेल प्रति घनमीटर होतं. जवळच्या तळावर राहणाऱ्या माशांत पुढची काही वर्षं जपानच्या किलोमागे १०० बेकरेल या मर्यादेपेक्षा जास्त सिझियम सापडत राहिलं, कारण गाळाला चिकटलेलं सिझियम पाण्यासारखं वाहून जात नाही. सरासरी काढताना हे ठिकाण पुसलं जातं.

जमिनीवर तर प्लूमच्या आकारानेच माणसांचं नशीब ठरलं. जपानकडे हवेतल्या लोटाचा अंदाज देणारी 'स्पीडी' ही यंत्रणा होती. प्रकल्पातून उत्सर्गाचे आकडे येणं बंद पडल्यावर ती ताशी एक बेकरेल असा मानलेला उत्सर्ग धरून चालवली गेली. अशा चित्रात प्रमाण खोटं असतं, पण दिशा खरी असते. ते आकडे खरे नाहीत म्हणून निकाल वेळेवर लोकांपुढे आले नाहीत; पहिला जाहीर झाला २३ मार्चला. तोवर नामिए शहरातले हजारो लोक १२ मार्चलाच वायव्येच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, पाऊस आणि हिम पडलं, आणि सिझियमचा सर्वांत दाट पट्टा त्याच दिशेला जमिनीवर उतरला. सरकारच्या चौकशी समितीने नंतर नोंदवलं की ते निकाल मिळाले असते तर लोकांना बाहेर पडण्याची वेळ आणि दिशा अधिक नीट निवडता आली असती.