पुरुषांचा संघ ही बढती कशी?

टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक पॅट समिट यांना त्याच विद्यापीठाच्या पुरुष संघाची सूत्रे घेण्याविषयी दोनदा विचारण्यात आले, १९९४ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये. दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. महिलांच्या संघाकडून पुरुषांच्या संघाकडे जाणे म्हणजे वर चढणे, असे लोकांनी का धरून चालावे, हेच त्यांना कळत नव्हते.

समिट यांच्याविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा १०९८ या आकड्यापासून सुरू होते. टेनेसीतील ३८ हंगामांत १०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतेपदे आणि विजयांपेक्षा पराभव जास्त झाले असा एकही हंगाम नाही. त्यानंतर त्यांच्या करड्या नजरेचे वर्णन येते, शिस्तीचे किस्से येतात, आणि शेवटी यशाची सूत्रे सांगणारी एखादी यादी येते, जी आपल्याकडे सकाळच्या सुविचारांबरोबर फिरवली जाते. मुलींच्या संघांबरोबर आयुष्याची बरीच वर्षे मैदानावर घालवलेली एक निवृत्त क्रीडाशिक्षिका म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. मला ही कारकीर्द विजयांच्या बेरजेपेक्षा त्या नकारातून अधिक नीट कळते, कारण महिलांचा खेळ ही खेळाची सौम्य, सवलतीची आवृत्ती आहे हे मान्य न करणे, एवढा एकच हट्ट त्यांनी शेवटपर्यंत धरला आणि बाकीचे सगळे त्या हट्टाच्या पोटी आले.

त्यांचा जन्म १४ जून १९५२ चा, टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिलचा. घर शेतकऱ्याचे होते, तंबाखू आणि दुभती जनावरे असलेले. तीन थोरले भाऊ आणि एक धाकटी बहीण. दिवसाची कामे उरकली की भावंडे वाळल्या गवताच्या माळ्यावर बास्केटबॉल खेळत, आणि तिथे ही मुलगी म्हणून कोणी हात आखडता घेत नसे. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड उचलून शेजारच्या परगण्यातील हेन्रिएटा येथे नेले, जिथे मुलींना खेळता येत होते. हे वडील रिचर्ड हेड फार कडक होते, कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघे, पण मुलीच्या खेळासाठी घर हलवावे असे ज्याला वाटले त्या माणसाला निव्वळ कठोर म्हणणे मला जमत नाही. भावांना महाविद्यालयात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली. मुलीला मिळणे शक्यच नव्हते, कारण मुलींसाठी अशी शिष्यवृत्तीच नव्हती, आणि मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठाच्या शाखेतील तिचा खर्च आईवडिलांनी केला. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये झाला, तेव्हा तिचे अर्धे शिक्षण संपलेले होते.

१९७४ मध्ये त्या नॉक्सव्हिलच्या मुख्य विद्यापीठात आल्या त्या पदव्युत्तर शिक्षण घेता घेता सहायक म्हणून काम करण्यासाठी. तेवढ्यात आधीच्या प्रशिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या आणि बाविसाव्या वर्षी, महिना २५० डॉलरवर, हेड कोचचे पद यांच्या अंगावर पडले. काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. संघाचे गणवेश डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. ते धुवायचे प्रशिक्षिकेनेच आणि सामन्याला जाताना व्हॅन चालवायची तीही प्रशिक्षिकेनेच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना मुलींचा संघ घेऊन गेलेल्या माझ्यासारख्या कोणालाही हे वाचून हसू येईल, कारण जर्सीची बोचकी, एसटीची तिकिटे आणि जेवणभत्त्याचा हिशेब यांतून डोके वर काढून डावपेच आखणे काय असते हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध होता आणि तो त्यांनी ८४-८३ असा एका गुणाने गमावला. त्याच काळात त्या स्वतःही खेळत होत्या, गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरत होत्या, आणि १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला तेव्हा अमेरिकेच्या रौप्यपदक विजेत्या संघात त्या सहकर्णधार होत्या. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिलांनी सुवर्ण जिंकले ते त्यांच्या प्रशिक्षणाखाली.

आता ज्या गोष्टीकडे विजयांच्या गर्दीत कोणाचे लक्ष जात नाही तिच्याकडे वळते. टेनेसीच्या शाळांमध्ये त्या काळी मुली पाच जणींचा नव्हे, सहा जणींचा बास्केटबॉल खेळत. तिघी फक्त आक्रमण करायच्या, तिघी फक्त बचाव, आणि मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. पूर्ण कोर्ट धावणे मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. परिणाम असा की बचाव करणारी मुलगी शाळा संपेपर्यंत सामन्यात एकदाही बास्केट करत नसे, आणि महाविद्यालयाच्या संघात तिला कोण घेणार? जी मुलगी अर्धाच खेळ शिकली तिच्यासाठी शिष्यवृत्तीचे दारही अर्धेच उघडते. समिट यांनी या पद्धतीला उघड विरोध केला, हा खेळ खेळून आलेल्या मुली राज्याबाहेरच्या मुलींशी स्पर्धा करू शकत नाहीत असे सांगितले, आणि १९७९ मध्ये टेनेसीच्या शाळांतील मुलीही पाच जणींचा पूर्ण कोर्टावरचा खेळ खेळू लागल्या. हा बदल एकट्या समिट यांचा नव्हता, त्याआधी न्यायालयातही लढाई झाली होती. तरीही, एखाद्या राज्यातील प्रत्येक शाळकरी मुलीला मधली रेषा ओलांडायला मिळावी यासाठी ज्या प्रशिक्षिकेने शब्द खर्ची घातला, तिचे हे काम मी पहिल्या विजेतेपदाच्या वर ठेवीन.

विद्यापीठाचीही साथ होती हे सांगितले पाहिजे, नाही तर ही एका बाईच्या जिद्दीची गोष्ट होऊन बसते. टेनेसीने १९७६ पासून महिलांच्या खेळांसाठी स्वतंत्र विभाग चालवला, त्याचे स्वतंत्र संचालक आणि स्वतंत्र अंदाजपत्रक होते, आणि २०१२ पर्यंत तो पुरुषांच्या विभागापासून वेगळा राहिला. पुरुषांच्या फुटबॉलमधून उरेल तेवढे मुलींना, हा हिशेब तिथे त्यामुळे पुष्कळ कमी चालला असावा. ज्या संघाची सुरुवात मूठभर प्रेक्षकांसमोर झाली, त्याच्या सामन्यांना पुढे नॉक्सव्हिलच्या थॉम्प्सन-बोलिंग अरीनात २४ हजारांहून अधिक लोक बसलेले दिसले. २००६ मध्ये समिट यांचे वेतन वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला एवढे वेतन तोवर कोणी दिले नव्हते. २५० डॉलरपासून इथवरचा प्रवास लोक चमत्कार म्हणून सांगतात. मला तो उशिरा चुकते झालेले देणे वाटतो.

विजेतेपदांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने, म्हणजे एनसीएएने, महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली, आणि त्या वर्षापासून २०१२ पर्यंतच्या सर्वच्या सर्व ३१ स्पर्धांत समिट यांचा संघ होता. तरी पहिले विजेतेपद १९८७ मध्ये आले, लुइझियाना टेकला ६७-४४ असे हरवून. त्याआधी त्यांनी राष्ट्रीय अंतिम सामने गमावले होते आणि मोठ्या सामन्यात हिचा संघ कच खातो अशी कुजबुजही ऐकली होती. मग १९८९, १९९१, सलग तीन वर्षे १९९६, १९९७, १९९८, आणि शेवटी २००७ व २००८. यातील १९९८ चा संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला म्हणून तोच सर्वांच्या तोंडी असतो. माझे मन मात्र आदल्या वर्षीच्या संघावर अधिक जडते, जो दहा सामने हरला आणि तरीही विजेता झाला. शमिक होल्डस्क्लॉसारखी खेळाडू हाताशी असणे हे भाग्य खरे, परंतु दहा पराभव पचवलेल्या मुलींना मार्च महिन्यात, राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी, पुन्हा उभे करणे हे प्रशिक्षकाचेच काम होते.

शिस्तीचे काय? वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, कारणाशिवाय तास बुडवला तर सामना बुडाला, हे नियम होते आणि ते सर्वोत्तम खेळाडूलाही लागू होते. सरावाला विद्यापीठातील मुलगे बोलावले जात आणि मुलींना त्यांच्याविरुद्ध खेळवले जाई, म्हणजे सामन्यात समोर येईल त्याहून उंच, त्याहून वेगवान प्रतिस्पर्धी रोजच भेटलेला असे. इथपर्यंत सगळे मला मान्य आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत, आदल्या रात्री मुलींनी पार्टी केली म्हणून कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून त्यांना ओकारी येईस्तोवर पळवल्याचा जो किस्सा अजून हसत सांगितला जातो, त्याला मी दाद देणार नाही. चोविशी-पंचविशीतील प्रशिक्षिकेला आपला धाक बसवायची घाई असते, मलाही होती, आणि त्या घाईत आपण केलेल्या काही गोष्टी आज आठवल्या की मान खाली जाते. समिट स्वतःही पुढे बदलल्या. नव्वदच्या दशकातल्या मुलींचे त्या ऐकून घेत असत तेवढे सत्तरच्या दशकातल्या मुलींचे घेत नसत. माझ्या मते पुढच्या तीन विजेतेपदांत या बदलाचा वाटा नजरेच्या धाकापेक्षा मोठा होता.

एक किस्सा मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. सप्टेंबर १९९० मध्ये, दिवस भरत आलेले असताना, त्या मिशेल मार्सिनिएक या खेळाडूला आपल्या संघात आणण्यासाठी पेनसिल्व्हेनियाला तिच्या घरी गेल्या आणि तिथेच त्यांना कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात वैमानिकांनी वाटेत व्हर्जिनियात उतरण्याविषयी विचारले, तर त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने आपल्याला स्पर्धेबाहेर काढले आहे, आपले मूल तिथे जन्मणार नाही, असे म्हणून यांनी विमान नॉक्सव्हिललाच न्यायला लावले. मुलगा टायलर टेनेसीतच जन्मला. मार्सिनिएकने मात्र आधी दुसरेच विद्यापीठ निवडले, नंतर ती टेनेसीला आली, आणि १९९६ च्या अंतिम फेरीची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

त्यांची एक चूक मला आजही खटकते. कनेटिकट विद्यापीठाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या संघाशी १९९५ पासून जी चुरस सुरू झाली तिने महिला बास्केटबॉलला घराघरात नेले. त्यात टेनेसीला सोसावेही लागले, कारण १९९५, २०००, २००३ आणि २००४ असे चार राष्ट्रीय अंतिम सामने त्यांनी याच संघाकडून गमावले. शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे वळवण्याच्या पद्धतींवरून खटके उडाले आणि २००७ मध्ये समिट यांनी हंगामातील नियमित लढत बंद केली. रागाला कारण असेलही, पण ज्यांनी आयुष्यभर महिलांच्या खेळासाठी मोठ्या व्यासपीठाचा आग्रह धरला त्यांनीच त्याचा सर्वांत मोठा सामना काढून घेतला, आणि कारकिर्दीच्या ऐन उत्तरार्धात केलेली ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या हट्टाशी विसंगत होती. एवढे होऊनही २०११ मध्ये त्यांच्या आजाराशी संबंधित निधीला ऑरिएमांनी दहा हजार डॉलर दिले, हेही नोंदवायला हवे.

तो आजार म्हणजे कमी वयात सुरू होणारा, अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश. २३ ऑगस्ट २०११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, समिट यांनी तो स्वतःहून जाहीर केला आणि प्रशिक्षक म्हणून आणखी एक हंगाम काढला. डावपेचांचा आणि सामन्यातील निर्णयांचा बराच भार हॉली वॉर्लिक यांनी उचलला, ज्या सत्तरच्या दशकात त्यांच्याच संघातून खेळल्या होत्या आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांच्या जागी आल्या. २८ जून २०१६ रोजी समिट यांचे निधन झाले, तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या.

त्या शेवटच्या हंगामात मार्च २०१२ मध्ये टेनेसीचा संघ बेलर विद्यापीठाकडून हरला आणि अंतिम चारांत पोहोचू शकला नाही. तोवर टेनेसीत चार वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलीने निदान एकदा तरी अंतिम चारांत खेळून पाहिले होते. २०१२ ची तुकडी ते न पाहता बाहेर पडणारी पहिली ठरली, आणि वर्तमानपत्रांनी ती परंपरा तुटल्याची नोंद घेतली. समिट यांच्याकडे खेळाची पूर्ण वर्षे काढलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडते, ही दुसरी परंपरा १९७४ पासून चालत आली होती. ती त्या वर्षीही तुटली नाही.