जुनी कार्बन फ्रेम आणि तो फिरता मेसेज: मुद्देनिहाय उत्तर

जुन्या कार्बन फ्रेमबद्दलचा एक मेसेज बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत सायकलवाल्यांमध्ये फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: सेकंडहँड कार्बन रोडबाइक घेऊ नका. कार्बनचं आयुष्य पाच वर्षं. उन्हानं तो ठिसूळ होतो. तडा बाहेरून दिसतच नाही, एक दिवस चालत्या सायकलचे दोन तुकडे होतात. एकदा तडकला की दुरुस्ती नाही. तरी घ्यायचीच असेल तर फ्रेमवर नाणं वाजवून बघा, टणटणीत आवाज आला की बिनधास्त घ्या. वरून पीपीएफ (कारच्या रंगावर लावतात ती पारदर्शक संरक्षक फिल्म) मारा, मग काळजी नाही.

यातला पहिला भाग माणसाला उगाच घाबरवतो आणि शेवटचा उगाच निर्धास्त करतो. जास्त नुकसान शेवटच्या भागानं होतं, कारण त्यावर विसंबून लोक पैसे मोजतात आणि घाट उतरतात. तरी क्रमानंच घेऊ.

“कार्बनचं आयुष्य पाच वर्षं”

असं काही नसतं. फ्रेम म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं एपॉक्सी रेझिन. रोजच्या चालवण्यातले ताण पुन्हा पुन्हा सोसण्यात हे मिश्रण अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस आहे. अ‍ॅल्युमिनियम छोट्या छोट्या ताणांनीही थकत जातं, नीट बनवलेला कार्बन त्या मानानं फारच कमी. वजनानं जवळपास निम्मं कंपोझिट असलेलं बोइंग 787 हे विमान 2011 पासून प्रवासी नेत आहे. पाच वर्षांत कार्बन संपत असता तर ते केव्हाच जमिनीवर बसलं असतं.

1980-90 च्या दशकांतल्या बऱ्याच फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या बाहीत, चिकटवलेल्या असत आणि तो जोड सुटायचा, हे खरं. आजच्या एकसंध फ्रेमला तो न्याय लावता येत नाही. उलट फ्रेम नवी आहे म्हणून ती सुरक्षित, असंही नाही. स्पेशलाइज्ड कंपनीनं 2021 मध्ये टारमॅक एसएल7 ही रोडबाइक दुरुस्तीसाठी परत मागवली, तेव्हा ते मॉडेल बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हेडसेटमधल्या (हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या जोडणीतल्या) एका कॉम्प्रेशन रिंगमुळे स्टिअरर ट्यूबला, म्हणजे फोर्कच्या हँडलपर्यंत जाणाऱ्या नळीला, तडा जाण्याचा धोका होता. म्हणून घेण्याआधी बीबीखालचा (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचे क्रँक फिरतात ती बेअरिंगची जागा) सीरियल नंबर घ्या आणि कंपनीकडे दोन गोष्टी विचारा: फ्रेम अस्सल आहे का, आणि तिच्यावर रिकॉल आहे का. ‘लाइफटाइम वॉरंटी’ बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात, तेव्हा विक्रेत्याकडचं बिल पाहून त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

वयाचा खरा प्रश्न वेगळाच असतो. त्या मॉडेलचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर टांगतात तो तुकडा), चपट्या एअरो सीटपोस्टला धरणारी वेज, हेडसेटचे कप हे छोटे भाग मिळणं बंद होतं. हँगर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. तो मिळत नसेल तर एका पडण्यात चांगली फ्रेम अडगळीत जाते. सौदा ठरवण्याआधी हँगर मिळतो का ते बघा आणि दोन घेऊन ठेवा. शिवाय जुन्या रिम-ब्रेक फ्रेममध्ये बऱ्याचदा 25 मिमीच्या वर टायर बसत नाही. आपल्या रस्त्यांना 28 मिमी हवा, आणि टायरच्या दोन्ही बाजूंना निदान 4 मिमी जागा राहायला हवी. फ्रेम फक्त इलेक्ट्रॉनिक गिअरसाठी आहे का, बीबी चुडीची (थ्रेडची) आहे की दाबून बसवलेली प्रेसफिट, मागचा अ‍ॅक्सल 130 मिमी क्विक रिलीज आहे की 12×142 थ्रू (आरपार जाणारा), याची खात्री करा, मापं व्हर्नियर लावून घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीशी ज्याचा संबंध आहे त्याला व्हर्नियर शोधत फिरावं लागत नाही.

“उन्हानं ठिसूळ होतो”

अतिनील किरणांनी एपॉक्सी पिवळं, निस्तेज पडतं हे खरं, पण फक्त वरच्या थरात. रंग आणि क्लिअरकोट शाबूत असेल तर आत काही पोचत नाही. जिथं क्लिअरकोट सोलून कार्बन उघडा पडला असेल तिथं तो पुन्हा मारून घ्या, एवढंच. उष्णतेचंही तेच. सायकलच्या फ्रेमचं एपॉक्सी साधारण 100 अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय मऊ पडत नाही. आपला उन्हाळा किंवा उन्हात उभी केलेली कार तिथवर जात नाही. चोर्ला किंवा आंबोली घाट सतत ब्रेक दाबत उतरताना रिम-ब्रेकची कार्बन चाकं मात्र तितकी तापू शकतात, पण तो चाकांचा प्रश्न आहे, फ्रेमचा नाही.

“तडा दिसतच नाही”

इथं जरा थांबायला हवं. वर रंग शाबूत आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. पण मार कुठं बसतो आणि ताण कुठं साचतो, हे ठरलेलं असतं. त्या जागा उघडून पाहिल्या तर बहुतेक खराब फ्रेम पकडता येतात. सायकल उभी करून चारी बाजूंनी न्याहाळल्यानं काही कळत नाही.

सोबत टॉर्च, 4 आणि 5 मिमीची एलन की, मऊ कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टॉर्क रेंच न्या. तासभर वेळ हातात ठेवा आणि दिवसाउजेडी जा. धुळीनं माखलेली फ्रेम तशीच बघू नका, आधी पुसून घ्या.

पहिलं काम, सीटपोस्ट बाहेर काढायला सांगा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट कार्बनच्या नळीत पेस्टशिवाय वर्षानुवर्षं राहिला की घामाच्या खारट पाण्यानं अ‍ॅल्युमिनियम गंजतं, पांढरी भुकटी धरते आणि पोस्ट आतच जाम होतो. तो ओढून काढताना फ्रेम फुटते. गोव्याकडून येणाऱ्या सायकलींमध्ये खाऱ्या हवेची भर पडते, त्यामुळे तिथं हे जास्त कसून बघा. पोस्ट निघत नसेल तर सौदा तिथंच थांबवा. निघाला तर नळीचं तोंड, क्लॅम्पखालची जागा आणि सीट ट्यूबची चीर टॉर्चनं बघा. क्लॅम्प जास्त आवळल्याचा उभा तडा इथूनच सुरू होतो. बॉटल केजचे बोल्ट आणि पुढच्या डिरेलरचा माउंट यांच्याभोवती रंग फुगला असेल तर तिथंही गंज आहे.

दुसरं काम स्टिअररचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. स्टेम (हँडल धरणारा भाग) काढा, स्पेसर (त्याच्या वरखालच्या कड्या) काढा, फोर्क खाली उतरवा. स्टेमच्या काठानं स्टिअररवर ओरखडा कापला आहे का, दाबाचा वळ आहे का, आत एक्सपँडर प्लग (स्टिअररला आतून आधार देणारा) नीट स्टेमच्या पातळीवर होता का, हे बघा. कार्बन स्टिअररमध्ये कुणी स्टीलचा स्टार नट (नळीत रुतून बसणारा दातेरी नट) ठोकला असेल तर तो फोर्क बाद समजा. फोर्कच्या क्राउनला (दोन्ही पाय जुळतात तिथं) खालचं बेअरिंग बसतं ती कडही बघा. विक्रेता फोर्क काढू देत नसेल तर ती सायकल घेऊ नका. फ्रेम तडकली तर बऱ्याचदा कुरकुरत, दबत सांगते. स्टिअरर तुटला की हँडल सरळ हातात येतं.

मग बाकीच्या जागा. डाउन ट्यूब (खालची तिरपी नळी) आणि हेड ट्यूब (हँडलखालची नळी) यांचा जोड खालच्या बाजूनं. समोरून धडक बसली असेल तर तिथं आडवी सुरकुती किंवा तडा मिळतो. हँडल फिरून आपटतं ती टॉप ट्यूबची बाजू. बीबीचा तळ आणि डाउन ट्यूबचं पोट, कारण हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरची खडी तिथंच लागते. उजव्या चेनस्टेची (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) चेनरिंगमागची जागा, जिथं चेन अडकून खाचा पाडते. आणि दोन्ही चेनस्टेच्या आतल्या बाजू. खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडे पावसात फिरलेल्या सायकलीत टायर आणि चेनस्टेमध्ये जांभ्याचा लाल चिखल बसतो. चाक फिरत राहतं आणि चिखलातली रेती आधी रंग, मग कार्बन खाते. तिथं बोट फिरवल्यावर खोलगट लागलं आणि धागे दिसले तर फ्रेम सोडा.

रेघ सापडली की ती रंगाची का कार्बनची, हे ठरवायचं. रेघेशेजारी अंगठ्यानं जोरात दाबा. दबली, करकरली किंवा आवाज आला तर कार्बन गेला. कापूस फिरवा. धागे तुटलेले असतील तर तो अडकतो. तरी शंका असेल तर मालकाच्या परवानगीनं तिथलं 2-3 मिमी जागेतलं रंगाचं आवरण 600 नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून हलकेच घासा. रेघ प्रायमरमध्येच संपली तर रंगाची होती, तेवढी जागा क्लिअर नेलपॉलिशनं बंद करा. खाली धाग्यांमध्येही दिसली तर तो तडा. परवानगी मिळाली नाही तर किंमत त्या हिशेबानं धरा किंवा निघून या.

नवा कोरा रंग मारलेली जुनी फ्रेम घेताना दुप्पट सावध राहा. रंगाखाली काय झाकलं, हे मारणाऱ्यालाच माहीत. रंग काढायला केमिकल स्ट्रिपर वापरला असेल तर त्यानं एपॉक्सीही खाल्लेलं असू शकतं.

“दुरुस्ती होत नाही”

होते, आणि नीट केली तर टिकते. तडकलेला भाग घासून उतरता करायचा, म्हणजे थर पायऱ्यांसारखे उघडे पडतात. मूळच्याच दिशेनं कार्बनचे नवे थर एपॉक्सीत बसवायचे, दाब देऊन आणि उष्णता देऊन पक्के करायचे. दुरुस्त केलेली फ्रेम घेताना मधल्या टप्प्यांचे फोटो मागा, फक्त शेवटच्या चकचकीत फोटोवर जाऊ नका. एम-सील भरणं किंवा कारच्या बंपरवाल्याकडून ग्लासफायबरचं ठिगळ मारून घेणं ही दुरुस्ती नव्हे. तो तडा झाकण्याचा प्रकार आहे. मधल्या नळ्या आणि चेनस्टे यांची दुरुस्ती सोपी असते. बेअरिंगची बैठक, ड्रॉपआउट (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो ती खाच) आणि बीबी या जागांचं काम अवघड. फोर्क, स्टिअरर आणि कार्बन हँडल मात्र दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, बदला.

“नाणं वाजवा, टणटणीत वाजलं की बिनधास्त”

बेळगावात ही गोष्ट पटते, कारण फाउंड्रीत ओतलेला नग हातोडीनं वाजवून बघतात आणि तडकलेला नग बद्द वाजतो. पण तो नग एकाच धातूचा असतो. कार्बनच्या नळीची जाडी दर बोटाला बदलते. जोडांपाशी थर जास्त, आत अ‍ॅल्युमिनियमचे इन्सर्ट, कुठं फोम, कुठं केबलचं गाइड. त्यामुळे चांगल्या फ्रेमचाही आवाज जागोजाग बदलतो, आणि छोटा तडा असलेली नळीही टणटणीत वाजू शकते. नाणं तुलनेसाठी उपयोगी आहे. डावा चेनस्टे आणि उजवा चेनस्टे, तीच जागा, तोच जोर. एका बाजूला अचानक बद्द आवाज आला तर तिथं थर सुटले असावेत. पण आवाज चांगला आला म्हणून फोर्क न काढता पैसे देऊ नका. स्टिअररबद्दल नाणं काहीच सांगत नाही.

“पीपीएफ मारलं की काळजी नाही”

पीपीएफ ओरखडे आणि खडीचे बारीक ठोके अडवतं. ते साधारण 0.2 मिमी जाड असतं. दगडावर आपटलेली फ्रेम ते वाचवत नाही. विकत घेताना फ्रेमवर आधीच फिल्म किंवा रंगीत व्हिनाइल असेल तर काढून दाखवायला सांगा, खाली तडा लपलेला असू शकतो.

तरी लावाच, पण योग्य जागी. कारला फिल्म लावणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात. डाउन ट्यूबचं पोट, हेड ट्यूबजवळ केबल घासते त्या जागा, चेनस्टेच्या आतल्या बाजू. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, शॅम्पूच्या पातळ पाण्याचा फवारा मारा, फिल्म ठेवा, मधून कडेकडे पाणी काढत न्या आणि कडा हेअर ड्रायरनं हलक्या गरम करून दाबा. उजव्या चेनस्टेवर फिल्म पुरत नाही, तिथं रबराची जाड टेप हवी.

फिल्मपेक्षा जास्त फ्रेम वाचते ती 2 ते 20 न्यूटन-मीटरच्या छोट्या टॉर्क रेंचनं. मोटारसायकलच्या गॅरेजमधला रेंच बऱ्याचदा 10 च्या खाली नीट मोजत नाही. सीट क्लॅम्प आणि स्टेमचे बोल्ट साधारण 4 ते 6, बॉटल केज 2 ते 3. फ्रेमवर किंवा स्टेमवर आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. कार्बन जिथं क्लॅम्पमध्ये धरला जातो तिथं ग्रीस नको, बारीक कणांची कार्बन पेस्ट लावा. तिच्यामुळे कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही. सर्व्हिस स्टँडवर किंवा कारच्या रॅकवर टॉप ट्यूब चिमट्यात धरू नका. नळी मधून पातळ असते आणि बाजूच्या दाबासाठी बनवलेली नसते. सर्व्हिसला सीटपोस्ट धरा. फ्रेम पार्सलनं मागवत असाल तर पाठवणाऱ्याला ड्रॉपआउटमध्ये अ‍ॅक्सल किंवा तेवढ्याच रुंदीचा स्पेसर घालायला सांगा, नाहीतर बॉक्सवर वजन पडलं की चेनस्टे आत दबतात.

पेट्रोल आणि थिनर फ्रेमला लावू नका. प्रेशर वॉशरचा झोत बेअरिंगवर आणि केबलच्या भोकांवर धरू नका. पावसातून आल्यावर सीटपोस्ट काढा, फ्रेम उलटी करून पाणी निथळू द्या, पोस्ट पुसून पेस्ट लावून परत घाला. बीबीच्या तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते काडीनं मोकळं करा, आणि फिल्म लावताना ते झाकलं गेलं असेल तर तेवढी फिल्म कापून टाका.