‘नेमेसिस’ने एकटीने चीनला नमवले नव्हते

ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफूयुद्धाविषयी (१८३९-४२) एक मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. ब्रिटिश आरमाराच्या ‘नेमेसिस’ या चिलखती आगबोटीवर चिनी तोफगोळ्यांचा काही परिणाम होत नसे आणि तिने एकटीने चीनला शरण आणले, असा त्याचा आशय आहे.

पहिली चूक मालकीची. १८३९ मध्ये बर्कनहेड येथे जॉन लेअर्ड यांच्या गोदीत बांधलेली ही नौका ईस्ट इंडिया कंपनीची होती. कप्तान विल्यम हॉल तेवढे आरमारातले.

चिलखताची गोष्ट तर साफ खोटी आहे. नौकेचा सांगाडा लोखंडाचा होता, पण बाजूंना बसवलेले पत्रे पातळ होते. तोफगोळे थोपवणारे जाड चिलखत असलेली, खोल समुद्रात जाणारी पहिली युद्धनौका म्हणजे फ्रान्सची ‘ग्लॉयर’, आणि ती १८५९ मध्ये पाण्यात उतरली. ‘नेमेसिस’ची मजबुती पाहायची असेल तर चीनकडे जातानाचाच प्रसंग पुरेसा आहे: आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ वादळात सापडल्यावर तिला पुढे ढकलणाऱ्या बाजूंच्या वल्हेचाकांच्या पेट्यांलगत तिच्या दोन्ही बाजू उभ्या चिरत गेल्या आणि डेलागोआच्या उपसागरात लाकूड व पत्रे जोडून डागडुजी केल्यावरच ती पुढे निघू शकली.

राहिला एकटीने युद्ध जिंकल्याचा दावा. १८४०च्या जुलैत चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटावरचे डिंगहाई हे शहर पडले, तेव्हा ती चीनमध्ये पोहोचलीसुद्धा नव्हती. तिथे तोफा डागल्या त्या मुख्यतः ‘वेलस्ली’ने, म्हणजे १८१५ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या ७४ तोफांच्या सागवानी, शिडाच्या जहाजाने. ‘नेमेसिस’वर मोठ्या तोफा दोनच, ३२ पौंडी गोळ्यांच्या. ७ जानेवारी १८४१ रोजी कँटनच्या (आजचे ग्वांगझो) नदीमुखाजवळ चुएनपी येथे तिच्या अग्निबाणाने एक चिनी जंक (शिडाचे जहाज) दारूगोळ्यासह उडाले, हे खरे. दंतकथेचे मूळ बहुधा तिथेच असावे. तिचे खरे मोल मात्र वेगळे होते. पूर्ण भार घेऊनही तिला जेमतेम ६ फूट पाणी लागत असल्यामुळे, मोठी जहाजे जिथे रुतली असती अशा कँटनजवळच्या उथळ फाट्यांतून ती आत शिरत असे, आणि वारा पडला असताना शिडाची जहाजे व सैनिकांच्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढून नेत असे. पुढे यांगत्से नदीवरच्या मोहिमेतही हे ओढकाम तिच्यासह अनेक आगबोटींनी केले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी युद्ध संपवणारा नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या ध्वजनौकेवर, आणि तीही मुंबईतच बांधलेली, सागवानी आणि वाफेचे इंजिन नसलेली होती.